दोन फाटकांमधली जागा

आमच्या आणि शेजारच्या घड्याळवाल्यांच्या फाटकांमध्ये साडेपाच मीटर रस्ता आहे. हा आकडा मला लग्न होऊन आले त्याच आठवड्यात पाठ झाला, कारण सासऱ्यांनी तो तीनदा सांगितला. ते सरकारी मोजणीदार होते. आयुष्यभर लोकांच्या हद्दींच्या भांडणात टेप धरून उभे राहिले आणि निवृत्त झाल्यावर स्वतःचं एक भांडण घेऊन बसले.

भांडण त्या साडेपाच मीटरचंच. गल्लीत कुणाच्याच घरात गाडी आत घ्यायला जागा नाही, गाड्या रस्त्यावरच लागतात. आमच्याकडे एक गाडी, घड्याळवाल्या काकांकडे एक, आणि दोघांच्या मध्ये एकाच गाडीपुरती जागा. पलीकडे त्यांच्या फाटकासमोर विजेचा खांब आणि लोखंडी पेटी, त्यामुळे तिकडे सरकायची सोय नाही. ज्याला ही जागा मिळणार नाही त्याने कोपऱ्यावरच्या पाण्याच्या टाकीपाशी गाडी लावायची आणि चढावरून चालत यायचं.

आधी बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, जागेवर मोडकी खुर्ची ठेवली. काकांनी ती उचलून आमच्या भिंतीला टेकवली आणि तिथे मातीने भरलेला पत्र्याचा डबा आणून ठेवला, वर एक सुकलेलं रोप. मग बाबांनी नगरपालिकेला अर्ज केला. सोबत जागेचा नकाशा जोडला, त्यात काकांच्या गाडीची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिली. त्यासाठी पहाटे, काका झोपेत असताना टाकीपाशी जाऊन त्यांची गाडी मोजून आले होते! नगरपालिकेतल्या कारकुनाने सांगितलं, रस्ता सगळ्यांचा, जो आधी येईल त्याने लावावी.

त्या एका वाक्याने सगळा घोळ केला. काका आठला बंद होणारं घड्याळदुरुस्तीचं दुकान सहाला बंद करायला लागले. बाबांनी संध्याकाळचं फिरणं सोडलं. बाबा त्यांना घड्याळ्या म्हणायचे, ते बाबांना टेपवाला म्हणायचे, तेही तिसऱ्या माणसापाशी. एकमेकांशी बोलणं अकरा वर्षं बंद. काकू आणि मी मात्र गच्चीवर कपडे वाळत घालताना हळूच बोलून घ्यायचो. "आज कोण जिंकलं?" काकू विचारायच्या. मी भुवई उडवून खाली बोट दाखवायची. दोघी हसायचो. खरंच सांगते, तेव्हा ते सगळं हसण्यावारीच होतं.

गेल्या वर्षी एका संध्याकाळी काका टाकीपाशी गाडी लावून चालत येताना इस्त्रीवाल्याच्या टपरीसमोर कोसळले. इस्त्रीवाला धावला, पण उपयोग झाला नाही. मी कामावर होते. घरी आले तेव्हा गल्लीत माणसं जमली होती आणि आमची गाडी त्या जागेवर अगदी सरळ, रेघेत उभी होती.

काकांची लेक परगावाहून आली, महिनाभर राहिली आणि जाताना वडिलांची पांढरी जुनी गाडी कुणालातरी देऊन गेली. नवा मालक गाडी घेऊन गेला तेव्हा काकू खिडकीत उभ्या होत्या. गाडी वळेपर्यंत बघत राहिल्या.

आता जागा आमचीच होती. पण बाबा गाडी टाकीपाशी लावायला लागले.

"अहो बाबा, आता कुणाशी शर्यत?" नवऱ्याने विचारलं.

"चालणं होतं तेवढंच," बाबा म्हणाले.

नवरा छापखान्यात आहे, बसने जातो, गाडी त्याच्या हाती फक्त सुट्टीच्या दिवशी येते. त्या रविवारी आम्ही दोघं बाजारातून आलो आणि तो म्हणाला, "मी लावतो इथेच. उगाच पिशव्या घेऊन चढ कोण चढणार?" गाडीला त्याने मागे सेन्सर बसवून घेतला होता. मागे काही असलं की तो पिपपिप करतो, अगदी जवळ आलं की सलग वाजतो. नवऱ्याने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली आणि सेन्सर वाजायला लागला. आणखी हातभर मागे, तर सलग किंकाळी. मागच्या कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर रिकामा रस्ता दिसत होता. नवरा उतरला, मागे जाऊन आला, बंपरवर रुमाल फिरवला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बिघडलाय," आणि टाकीकडे निघाला. टाकीपाशी दोन गाड्यांच्या फटीत त्याने गाडी मागे घेतली. तिथे सेन्सर शहाण्यासारखा वागला.

गॅरेजवाल्याने दोनदा तपासून सांगितलं, काही बिघाड नाही.

मग एके दिवशी दुपारी बारीक पाऊस आला, असा की छत्री उघडावी की नाही ते कळू नये. मी लवकर घरी आले होते. रस्ता हळूहळू काळा होत गेला. फाटक लावताना मी सहज बघितलं, तर मधल्या जागेत एक करडा चौकोन कोरडा राहिला होता. कडा सरळ, कोपरे जरा गोल. गाडी उभी असताना पाऊस पडावा आणि मग गाडी काढावी, तसा. गाडी तिथे कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

मागे पावलं वाजली. बाबा घरातून आले होते, पायात चपला नव्हत्या, हातात जुना पोलादी टेप. माझ्याकडे बघितलंही नाही. चौकोनाच्या एका टोकाला वाकले, टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "धर."

मी धरलं. ते मागे मागे गेले.

"तीन मीटर पस्तीस." मग आडवा धरला. "एक चव्वेचाळीस."

टेप सर्रकन आत गेला. बाबांच्या भुवयांवरून पाणी गळत होतं, आणि त्यांच्यापासून वीतभर अंतरावर रस्ता कोरडा ठाक होता. मी वाकून हात लावायला गेले तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"नको. त्याच्या गाडीला हात लावलेला त्याला आवडायचा नाही."

त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, तेल सांडलं असेल, तेलावर पाणी ठरत नाही. मी बरं म्हटलं. पण तेल काही असं चौकोनी सांडत नाही.

त्यानंतर मी बाबांवर लक्ष ठेवायला लागले. रोज संध्याकाळी पावणेसातच्या आधी पाचेक मिनिटं ते हातातलं सोडून पुढच्या खिडकीत जायचे. मान डावीकडे कलती करून उभे राहायचे. थोड्या वेळाने खांदे खाली यायचे आणि ते आपल्या खुर्चीत परत येऊन बसायचे. एकदा मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"काय ऐकता, बाबा?"

"तुला नाही येत ऐकू?"

"नाही."

"आता हँडब्रेक ओढला." ते थांबले. "दार लावलं. तो दार हळूच लावायचा, आठवतं? आता इंजिन निवतंय. टिक, टिक, टिक."

बाहेर रस्ता रिकामा होता. समोरच्या घरातलं मांजर जागेच्या कडेकडेने वळसा घालून पलीकडे गेलं.

माझं काम लोकांचे कान तपासायचं. इस्पितळात तळमजल्यावर एक आवाजबंद खोली आहे, जाड दाराची, एका बाजूला काच. माणूस आत हेडफोन लावून बसतो, मी काचेबाहेर यंत्रावर. एकेक सूर देते, ऐकू आला की त्याने हातातलं बटण दाबायचं. कान वाजणारी, नसलेलं ऐकणारी माणसं माझ्याकडे रोज येतात, त्यामुळे मी घाबरले नव्हते. निदान स्वतःला तसं सांगत होते. मी बाबांना म्हटलं, एकदा तपासून घेऊ. ते निमूटपणे आले. एरवी दवाखाना म्हटलं की शंभर कारणं सांगणारा माणूस.

जाडे सूर त्यांना बरे ऐकू आले. पुढे बारीक सुरांना बटण दाबलं जाईना. मी आवाज वाढवत गेले, वाढवत गेले. काचेपलीकडे बाबा समोर बघत शांत बसलेले. इतका मोठा आवाज मी कानात सोडत होते की चांगल्या कानाच्या माणसाने हेडफोन भिरकावला असता.

मी माइकवर बोलले, "बाबा, तुमचे बारीक आवाज पूर्ण गेलेत. थंड होणाऱ्या लोखंडाची टिकटिक तुम्हाला कानाशी धरली तरी ऐकू येणार नाही. रस्त्यावरची तर सोडाच."

 मग त्यांचा आवाज माझ्या हेडफोनमध्ये आला, अगदी जवळून, डोक्याच्या आत आल्यासारखा.

"त्या दिवशी मी गाडीतच बसलो होतो."

"कोणत्या दिवशी?"

"तो गेला त्या दिवशी. मला कुठे जायचं नव्हतं. साडेपाचलाच गाडी काढून एक फेरी मारली आणि जागेवर लावून आत पेपर वाचत बसलो. म्हटलं, येऊ दे. सहा चाळीसला आला. शेजारी गाडी उभी केली. तीनदा हॉर्न वाजवला, लहान लहान. मी पेपर खाली केला नाही. मग त्याने काच खाली केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलायला. आणि माझी काच अर्धी उघडी होती, ती मी वर केली."

काचेपलीकडे त्यांचे ओठ हलत होते आणि आवाज माझ्या कानात होता.

"तो काहीतरी म्हणाला. बरंच काही, दोन वाक्यं असतील. चेहरा घामाने भिजलेला. मग गेला टाकीकडे. हँडब्रेक ऐकू येतो मला, पोरी, दार ऐकू येतं, टिकटिक येते. तो काय म्हणाला तेवढं नाही येत."

मी उठून जाड दार उघडलं. ते बाहेर आले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "घरी कुणाला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण काकूंना डोळे होते. दोन दिवसांनी गच्चीवर त्यांनी मला कठड्यापाशी बोलावलं.

"त्या दिवशी पावसात काय मोजत होते गं तुझे सासरे?"

"काही नाही काकू, त्यांना सवयच आहे."

"मी वरून बघितलं." काकूंनी ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळला, तो आधीच पिळलेला होता. "आणि रोज संध्याकाळी खिडकीत मान वाकडी करून उभे असतात तेही बघते. ह्यांची यायची वेळ असते तेव्हाच. त्यांना ऐकू येतं ना?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही. काकूंना तेवढं पुरे झालं.

"अकरा वर्षं ज्याच्याशी बोलले नाहीत त्याला ऐकू येतं, आणि मी इथे दाराशी बसलेली असते, मला नाही," काकू म्हणाल्या. "माझे कान गेले असतील. साठी उलटली माझी. तू तपास माझे कान."

दुसऱ्या दिवशी त्या ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसल्या होत्या. चांगली साडी, केस नीट बांधलेले. त्यांना त्या खोलीत बसवताना मी मनात म्हणत होते, थोडं तरी कमी निघू दे. या वयात सगळ्यांचंच निघतं. मी सूर दिला, काकूंनी बटण दाबलं. आणखी बारीक, आणखी हळू. बटण. यंत्रात त्याहून हळू सूर नाही, तोही त्यांनी ऐकला. तसे कान मी शाळकरी मुलांचे बघितले आहेत. कागदावर रेघ अगदी वर, सपाट.

त्या बाहेर आल्या आणि कागदाकडे बघायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"चांगले आहेत?"

"हो काकू. खूपच चांगले आहेत."

त्या खुर्चीवर बसल्या. पर्सचं बक्कल उघडलं, लावलं, उघडलं. "म्हणजे मग माझ्याकडे येतच नाहीत ते," इतकंच म्हणाल्या.

हे मी बाबांना सांगितलं. सांगायलाच हवं होतं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. बाबांनी ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा काकूंच्या फाटकाची कडी काढली. मला म्हणाले, तूही चल.

खालच्या खोलीत काकांचं घरचं काम करायचं टेबल होतं, भिंग, चिमटे, बारक्या डब्या, सगळं पुसून ठेवलेलं. बाबा उभ्यानेच बोलले. गाडीत बसून होते ते, पेपर, तीन हॉर्न, काच वर केली ते. काहीही गाळलं नाही. मोजणीचा अहवाल वाचावा तसं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "वहिनी, मी जागा दिली असती तर तो चढ चढला नसता."

काकूंनी टेबलावरचं भिंग उचललं आणि परत जागेवर ठेवलं.

"तीन हॉर्न मीही ऐकले, भाऊ," त्या म्हणाल्या. "माझे कान चांगले आहेत, हिने तपासलेत. मी वर होते. म्हटलं, चाललंय यांचं रोजचं. मी खिडकीतून डोकावलेसुद्धा नाही."

कुणी कुणाला माफ केलं असं काही झालं नाही. पण निघताना काकूंनी बाबांना विचारलं, "उद्या ऐकू आलं की मला सांगाल?"

म्हणून त्यांचा एक नेम सुरू झाला. संध्याकाळी बाबा आमच्या फाटकात, काकू त्यांच्या फाटकात, मध्ये ती जागा. बाबा मान कलती करून उभे. मग म्हणायचे, "वळला." थोड्या वेळाने, "लावली." मग, "उतरला." तेवढं ऐकून काकू घराचं दार उघडायच्या आणि बाजूला होऊन उभ्या राहायच्या, कुणाला आत जायला वाट द्यावी तशा. पण बाबा मान हलवायचे. "नाही वहिनी. गाडीपाशीच आहे. दारापर्यंत पावलं येत नाहीत." काकू दार लावायच्या. गल्लीतले लोक बघायचे. नवरा म्हणायचा, दोघांना एखाद्या डॉक्टरला दाखवायला हवं. मी म्हणायची, बघू.

असे दहा-बारा दिवस गेले असतील. मग एका संध्याकाळी बाबांनी "लावली" म्हटलं आणि काकू दाराकडे जायच्याऐवजी रस्त्यावर उतरल्या.

"त्यांचं दार कुठे येईल, भाऊ?"

बाबांनी डोळ्यांनीच अंतर घेतलं. "दोन पावलं पुढे. आता उजवीकडे वळा. बस्स. समोर आहे."

ऊन अजून पुरतं गेलं नव्हतं. काकू रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी हात पुढे केला, कमरेच्या उंचीवर, आणि बोटं आकसली. मी आमच्या पायरीवर होते. मला एवढंच दिसलं की त्यांचा पदर, जो वाऱ्याने मागे उडत होता, तो एकदम सरळ खाली पडला, आडोशाला गेल्यासारखा.

"चला," काकू म्हणाल्या. रोज जेवायला बोलवावं तशा साध्या आवाजात. "खूप झालं इथे बसणं. घरात चला."

त्या वळल्या आणि सावकाश, एका बाजूला जरा झुकून चालायला लागल्या, कुणाला तरी खांदा दिल्यासारख्या. पायरीपाशी थांबल्या. दम खायला माणूस थांबतो तेवढ्या थांबल्या. मग आत गेल्या आणि दार लागलं.

बाबा कान देऊन उभे होते. "गेला," ते म्हणाले. "काही नाही आता. काहीच नाही." त्यांच्या तोंडावर सुटका दिसेल असं मला वाटलं होतं. ते कुणीतरी मागे सोडून गेल्यासारखे दिसत होते.

चार दिवस काकू गच्चीवर आल्या नाहीत. पाचव्या दिवशी कामावरून येताना मी त्यांची कडी वाजवली. दार हातभर उघडलं. काकू हसल्या. गाल भरले होते, डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. आतून उबदार हवा आली, घड्याळाच्या तेलाचा वास आला. टेबलावरचा दिवा लागलेला होता आणि भिंग उघडं होतं.

"बऱ्या आहात ना, काकू?"

"मी छान आहे. तुम्ही आता लावत जा गाडी खुशाल." त्यांनी आवाज खाली आणला. "हे म्हणतात, त्यांना आता जागा लागत नाही."

 माझ्या तोंडातून निघून गेलं, "बाबा विचारत होते. त्या दिवशी काका गाडीतून काय म्हणाले, ते."

बाबांनी विचारायला सांगितलं नव्हतं. काकूंनी मान आत वळवली आणि थांबल्या. आतून मला काही ऐकू आलं नाही. माझे कान काकूंइतके चांगले नाहीत, पण वाईटही नाहीत. काकू मान डोलवत होत्या, मध्येच "हं" म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"म्हणतात, त्याला म्हणावं स्वतः येऊन विचार."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. नवरा म्हणाला, बाबा, अजिबात जायचं नाही. बाबा न्हाणीघरात गेले, दाढी केली, धुतलेला शर्ट घातला. टेप नेहमी खिशात असायचा, तो काढून टेबलावर ठेवला आणि गेले.

मी पायरीवर बसून राहिले. त्यांना आत घेऊन दार लागलं. दहा मिनिटं, वीस मिनिटं. दिव्याच्या उजेडात पडद्यावर बाबांची बसलेली सावली दिसत होती, समोर काकूंची उभी. तिसरी काही दिसली नाही. मी डोळे ताणून बघितलं, मग बघायचं सोडून दिलं.

पाऊण तासाने बाबा आले. माझ्याशेजारी पायरीवर बसले. गुडघे कुरकुरले.

"तो म्हणाला होता, तुम्ही जरा पुढे घ्या, तुमच्याच फाटकासमोर. दोन्ही गाड्या बसतील."

मी रस्त्याकडे बघितलं. आमच्या फाटकातून गाडी कधी आत जात नाही. त्याच्यासमोर तीन मीटर रस्ता रोज रिकामा असतो. आमच्याच फाटकाला आमचीच गाडी आडवी आली असती, एवढंच. मोजणीदाराने अकरा वर्षं साडेपाच मीटर मोजले होते. ते तीन मोजलेच नव्हते.

"आणि छातीत दुखत असेल, त्याचं?"

"त्याबद्दल काही बोलला नव्हता. पुढे घ्या, एवढंच." बाबांनी तोंडावरून हात फिरवला. "सुचलं होतं म्हणे त्याला येताना. खूश होता म्हणे."

"तुम्ही ऐकलंत? त्यांचा आवाज?"

"नाही. वहिनी सांगत होत्या, मी ऐकत होतो. समोर त्याची खुर्ची होती, तिच्यापुढे चहा ठेवला होता."

"मग?" मी विचारलं. "चहा तसाच होता का, शेवटी?"

समोरच्या घरातला दिवा विझला, मग वरच्या मजल्यावर एक लागला.

"मी बघितलं नाही," बाबा म्हणाले. "मी सगळा वेळ खाली बघत होतो."